मालगाडीवर चढून फुकट प्रवास आणि अमेरिकेतली रेल्वे सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मालगाड्यांविषयी लिहायला लागल्यापासून एक विषय माझी पाठ सोडत नाही. कुणीतरी व्हिडिओ पाहतो. त्यात एक पोरगा धान्याच्या वाघिणीच्या टोकाला पाय सोडून बसलेला असतो आणि मागे रॉकी पर्वत सरकत असतो. मग मला निरोप येतो: हे खरं असतं का? चालतं का? पकडत नाहीत का? तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. 'चढायचं कसं' हे मात्र यात नाही, त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

१. फ्रेट हॉपिंग म्हणजे नेमकं काय?

तिकीट न काढता आणि परवानगी न घेता मालगाडीच्या डब्यावर, डब्यात किंवा दोन डब्यांमधल्या जागेत बसून लांबचा प्रवास करणं. अमेरिकेत प्रवासी गाड्या आणि मालगाड्या यांचा संसार वेगळा आहे. प्रवासी गाड्या मुख्यतः ॲमट्रॅक चालवते. मालगाड्या खासगी कंपन्यांच्या आहेत आणि रूळही बहुतांशी त्यांच्याच मालकीचे आहेत. पहिल्या श्रेणीच्या मोठ्या मालवाहू कंपन्या सहा: युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न, कॅनेडियन नॅशनल आणि २०२३ मध्ये दोन कंपन्या एक होऊन बनलेली सीपीकेसी. एकट्या युनियन पॅसिफिकचं जाळं २३ राज्यांत सुमारे ३२,००० मैलांचं आहे. म्हणजे गाडीवर चढणारा सरकारची नव्हे, एका खासगी कंपनीची हद्द ओलांडत असतो. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. हे बेकायदा आहे का? सापडलं तर काय होतं?

हो, बेकायदा आहे. पण 'मालगाडीत बसणं' असा एकच केंद्रीय गुन्हा नाही. जहाजात किंवा विमानात लपून जाणाऱ्यासाठी केंद्रीय कायद्यात स्वतंत्र कलम आहे, रेल्वेचा त्यात उल्लेख नाही. रेल्वेच्या बाबतीत राज्याराज्यांचे कायदे लागतात, बहुतेक ठिकाणी अतिक्रमणाचे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत कलम ५८७-ब खास यासाठीच आहे आणि त्यात कमाल दंड लिहिलाय पन्नास डॉलर, कैद तीस दिवसांपर्यंत. पन्नास डॉलर वाचून हसू येतं, पण कोर्टाचे खर्च आणि अधिभार वेगळे लागतात आणि सोबत अतिक्रमणाचं दुसरं कलमही लागू शकतं.

प्रत्यक्षात काय होतं ते गाव, अधिकारी आणि तुमची वागणूक यांवर ठरतं. कुणाला दम देऊन हद्दीबाहेर काढतात, कुणाला समन्स मिळतं, कुणी रात्र कोठडीत काढतो. व्हिसावर असलेल्यांसाठी प्रकरण वेगळं आहे (प्रश्न १३). चोरीच्या हेतूने मालडब्याचं सील किंवा कुलूप तोडलं तर मात्र गोष्ट थेट केंद्रीय गुन्ह्यात जाते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते.

३. ही प्रथा सुरू कशी झाली? सगळे भटकेच होते का?

भटके होतेच, पण त्याहून जास्त कामगार होते. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं, घरी परतणारे आणि काम शोधणारे सैनिक रुळांच्या कडेने निघाले. पुढच्या दशकांत रेल्वे पश्चिमेला पसरली, तसा गहू कापायला, लाकूड तोडायला, फळं उतरवायला हंगामी माणूस लागू लागला. हा माणूस पीक पिकेल तिकडे जायचा आणि मालगाडी हेच त्याचं वाहन होतं. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेतमालकाला मजूर हवा होता, रेल्वेला त्या शेतातला गहू हवा होता, म्हणून हंगामात बरेचदा कानाडोळा व्हायचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाच्या पट्ट्यात आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेचं लाल कार्ड दाखवलं की ब्रेकमन (गाडीवरचा रेल्वे कर्मचारी) पुष्कळदा बसू द्यायचा.

मग १९२९ ची मंदी आली आणि कामाशी असलेला हा धागाच तुटला. सदर्न पॅसिफिक या एका कंपनीने १९३२ साली ६,८३,४५७ लोकांना आपल्या गाड्यांवरून आणि हद्दीतून बाहेर काढल्याची नोंद आहे. त्या काळात घर सोडून निघालेल्यांत शाळकरी वयाची मुलं फार मोठ्या संख्येने होती. घरात खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून काही जण आपणहून निघाले.

याच गाड्यांवर अमेरिकेच्या न्यायाचा एक मोठा खटलाही जन्मला. २५ मार्च १९३१ ला अलाबामातल्या पेंट रॉक इथे मालगाडी अडवून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवलं. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या बायकांनी बलात्काराचा खोटा आरोप केला. आठ जणांना घाईघाईत फाशी सुनावली गेली. ते स्कॉट्सबरो प्रकरण. देहान्ताच्या खटल्यात आरोपीला खराखुरा वकील मिळालाच पाहिजे, हा १९३२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्यातूनच आला. आणि त्याच न्यायालयावर पुढे विक्रमी ३६ वर्षं बसलेले विल्यम डग्लस १९२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून न्यूयॉर्कला कायदा शिकायला निघाले, ते मेंढ्यांची राखण करत मालगाडीतून. एकाच प्रकारची गाडी, पण कोण बसलंय त्यावर नशीब ठरायचं.

४. आजही होबो (मालगाड्यांवरून फिरणारे भटके कामगार) आहेत का?

आहेत, मूठभर. आयोवातल्या ब्रिट गावात १९०० पासून होबो संमेलन भरतं, हल्ली ऑगस्टमध्ये. तिथे राजा-राणी निवडतात, मोठ्या कढईत स्ट्यू शिजतो. पण आलेल्यांत प्रत्यक्ष गाडीवरून आलेले फार थोडे. आज मालगाडीवर जे दिसतात त्यांत घर सुटलेली तरुण मुलं, व्यसनात अडकलेले, काही निव्वळ थरारासाठी आलेले आणि दक्षिण सीमेजवळ स्थलांतरित (प्रश्न ११). हंगामी मजूर ट्रकने आणि मोटारीने जायला लागून जमाना झाला.

५. रेल्वे कंपन्यांचे पोलीस खरे पोलीस असतात की नुसते सिक्युरिटी गार्ड?

खरे. हा प्रश्न भारतातून हमखास येतो, कारण आपल्याकडे आरपीएफ सरकारी आहे आणि खासगी कंपनीचा माणूस बेड्या घालू शकतो ही कल्पनाच पचत नाही. पेनसिल्व्हेनियाने १८६५ साली कायदा करून रेल्वे कंपन्यांना स्वतःचे पोलीस नेमायची मुभा दिली, मग बाकीची राज्यं त्या वाटेने गेली. आज या अधिकाऱ्यांना स्पेशल एजंट म्हणतात. पगार कंपनी देते, अधिकार राज्य देतं. ते शस्त्र बाळगतात आणि अटक करतात. एका राज्यात प्रमाणित झालेला अधिकारी दुसऱ्या राज्यातही कंपनीच्या मालमत्तेबाबत कारवाई करू शकतो, ही सोय केंद्रीय कायद्याने दिली आहे. चढणाऱ्यांच्या भाषेत ते 'बुल'.

जुन्या काळातले बुल दांडके चालवण्यासाठी कुप्रसिद्ध होते आणि ती कीर्ती कमावलेली होती. आजचा अधिकारी बहुतेक वेळ मोटारीत बसून मैलोन् मैल फिरतो आणि त्याचं मुख्य डोकं कंटेनरचोरीत गुंतलेलं असतं. हजारो मैलांच्या मानाने ही माणसं फारच थोडी आहेत. म्हणूनच पुढचा प्रश्न.

६. गाडी दोन मैल लांब, मागे गार्डचा डबाही नाही. मग कळतं कसं?

पूर्वी शेवटी कॅबूस असायचा, त्यात माणसं असायची. ब्रेकमन तर डब्यांच्या टपांवरून चालत जायचा. म्हणजे गाडीवर सतत नजर होती आणि चढलेल्याला त्या नजरेशी गाठ पडायचीच, मग तो दयाळू निघो की मारकुटा. १९८० च्या दशकात कॅबूस जवळपास गेला. त्याच्या जागी शेवटच्या कपलिंगवर लुकलुकणारं एक यंत्र बसलं. ते ब्रेकच्या हवेचा दाब इंजिनाला रेडिओवरून कळवतं. आज साधारणपणे दोघेच जण, इंजिनिअर (म्हणजे चालक) आणि कंडक्टर, अगदी पुढे.

गाडीवरची नजर अशी कमी झाली आणि रुळाकाठची वाढली. यार्डात थर्मल कॅमेरे आहेत, त्यांना अंधार आणि गर्द रंगाचे कपडे याने फरक पडत नाही. ड्रोन आहेत. बीएनएसएफ २०१५ पासून नजरेपलीकडच्या ड्रोन उड्डाणांचे प्रयोग करते आहे, मूळ हेतू रूळ तपासणीचा. काही मार्गांवर कमानी उभ्या केल्या आहेत: गाडी पूर्ण वेगात त्यातून जाते आणि प्रत्येक डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो निघतात. त्या बसवल्या चाक, ब्रेक आणि तुटलेला बोल्ट शोधायला. पण दोन डब्यांमध्ये बसलेला माणूस फोटोत यायचा तो येतोच. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर रेडिओ टॅग असतो, त्यामुळे 'गाडीतला अमुक क्रमांकाचा डबा' एवढं कळलं की पुढच्या थांब्यावर नेमक्या त्याच डब्याशी पोलिसांची मोटार उभी राहते.

आणि सगळ्यात जुना सेन्सर अजून चालू आहे: समोरून येणाऱ्या गाडीचा चालक. तो बघतो आणि रेडिओवर सांगतो.

७. पीटीसी यंत्रणेमुळे गाडीवरचा माणूस कळतो असं ऐकलं. खरं?

नाही. पीटीसी म्हणजे गाडी लाल सिग्नल ओलांडू लागली किंवा वेग मर्यादेबाहेर गेला तर तिला आपोआप थांबवणारी यंत्रणा. १२ सप्टेंबर २००८ ला कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थला लोकल आणि मालगाडीची टक्कर होऊन २५ जण गेले, त्यानंतर संसदेने ती सक्तीची केली. माणूस कुठे बसलाय याच्याशी तिचा संबंध नाही. उलट बाजूने बघा: रुळावर माणूस उभा असेल तरीही पीटीसी गाडी थांबवत नाही.

८. गाडी यार्डातून रांगत निघते. तेव्हा चढायला असा काय धोका आहे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

रांगणारी गाडीच फसवते. वेगाचा अंदाज खडीवरून धावताना चुकतो. खडी पायाखालून सरकते, पायरी जमिनीपासून उंच असते. हात पकडतो आणि पाय सुटतो, मग शरीर झोका घेऊन चाकाच्या दिशेने आत जातं. भरलेल्या चार आसांच्या वाघिणीचं कमाल वजन २,८६,००० पौंड, म्हणजे जवळपास १३० टन. पाय गमावलेल्या जुन्या होबोंच्या गोष्टी अतिशयोक्त नव्हत्या.

दुसरं, उभ्या गाडीचा भरवसा नाही. कपलिंगांमध्ये थोडी थोडी ढिलाई असते. शंभर-दीडशे डब्यांची गाडी असेल तर ती ढिलाई मिळून बरीच होते. इंजिनाने ओढ घेतली की ती एकेका कपलिंगमधून मागे धावत येते. फाटकाशी उभे असाल तर हे नीट ऐकू येतं: लांबून खाड-खाड-खाड करत आवाज जवळ येतो, आणि तुमच्यासमोरचा शांत उभा डबा क्षणात दचकून पुढे उडी मारतो. कपलिंगवर किंवा डब्याच्या कडेवर उभ्या माणसाला तो हिसका फेकून देतो.

तिसरं, बसायची जागा. दोन थर कंटेनर नेणारी वाघीण म्हणजे मुळात एक खोल लोखंडी चौकट. काहींना तळ असतो, काहींना नुसते आडवे पट्टे, आणि मधल्या मोकळ्या जागेतून खाली स्लीपर पळताना दिसतात. रात्री चढलेल्याला हे कळत नाही. बंद बोगीचा सरकता दरवाजा एका हिसक्याने बंद झाला तर आतून उघडायची सोय नसते. पाइप, लाकडाचे ओंडके, पोलादी पत्रे यांच्या पुढ्यात बसणं तर सरळ आत्मघात: गाडीने जोरात ब्रेक लावला की माल पुढे सरकतो.

चौथं, बोगदे. वॉशिंग्टन राज्यातला कॅस्केड बोगदा सुमारे साडेबारा किलोमीटरचा, कोलोरॅडोतला मोफॅट जवळपास दहा. आत डिझेलचा धूर कोंडतो. कॅस्केडच्या पूर्वेकडच्या तोंडाशी तो बाहेर काढायला दार आणि भलेमोठे पंखे बसवले आहेत. इंजिनातल्या लोकांकडे श्वसनाची साधनं असतात. वाघिणीवरच्या माणसाकडे रुमाल.

पाचवं, हवामान. नेवाडाच्या वाळवंटात लोखंड भाजतं, मोंटानात हिवाळ्यात वारा हाडापर्यंत जातो. गाडी निर्जन ठिकाणी दहा तास बाजूला उभी राहू शकते, आणि पाणी संपलं तर कुणाला सांगणार?

केंद्रीय रेल्वे प्रशासनाच्या नोंदींनुसार अमेरिकेत रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरून मरणाऱ्यांची संख्या दरवर्षी पाचशेच्या वर असते. त्यात बहुसंख्य रूळ ओलांडणारे आणि रुळावरून चालणारे आहेत, गाडीवर चढणारे नव्हेत. म्हणून हा आकडा 'हॉपिंगचे बळी' म्हणून पुढे पाठवू नका.

९. मग कंटेनरमध्ये किंवा धान्याच्या टाकीत आत बसलं तर सुरक्षित ना?

हा सगळ्यांत वाईट पर्याय. ऑक्टोबर २००२ मध्ये आयोवातल्या डेनिसन गावी धान्याची एक वाघीण साफ करायला उघडली, तेव्हा आत अकरा स्थलांतरितांचे मृतदेह निघाले. ते जूनमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर आत शिरले होते, झाकण बाहेरून बंद झालं. मार्च २०२३ मध्ये टेक्ससमध्ये निप्पा गावाजवळ मालगाडीतल्या कंटेनरमधून कुणीतरी ९११ ला फोन केला, श्वास घेता येत नाही म्हणून. गाडी थांबवेपर्यंत दोघे गेले होते. लोखंडी पेटी उन्हात किती तापते, हे उन्हाळ्यात विदर्भात पत्र्याच्या शेडखाली उभं राहिलेल्याला सांगायला नको.

१०. सुरक्षा एवढी कडक कशामुळे झाली? ९/११ मुळेच का?

ते एक कारण. क्लोरीन, अमोनियासारखे विषारी वायू नेणाऱ्या टाक्या शहरांच्या मधून जातात. ९/११ नंतर त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाऊ लागलं. २००८ पासून अशा टाक्या कुणी कुणाकडे सोपवल्या याची साखळी नोंदवावी लागते. यार्डात उभा अनोळखी माणूस आता फक्त फुकट्या प्रवासी मानला जात नाही.

त्याआधी १९९९ मध्ये मालगाड्यांवरून फिरत रुळांजवळच्या घरांत खून करणाऱ्या आंगेल मातुरिनो रेसेंडिसला एफबीआयने दहा अतिवाँटेडांच्या यादीत घातलं होतं. त्यानंतर गाड्यांची झडती वाढली.

पण मला विचाराल तर आजच्या बंदोबस्तामागचं खरं इंजिन पैसा आहे: चोरी आणि नुकसानभरपाई. जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिंकन पार्कजवळचे रूळ फाडलेल्या खोक्यांनी गुडघाभर भरलेले जगाने पाहिले. त्याआधी डिसेंबरमध्ये युनियन पॅसिफिकने तिथल्या सरकारी वकिलांना लिहिलेल्या पत्रात चोऱ्या वर्षभरात १६० टक्क्यांनी वाढल्याचं आणि दिवसाला सरासरी नव्वदहून अधिक कंटेनर फोडले जात असल्याचं म्हटलं होतं. गव्हर्नर स्वतः हातमोजे घालून कचरा उचलायला आले. त्यानंतर मोहावे वाळवंटात ब्रेकची हवेची नळी कापून गाडी थांबवायची आणि महागडे बूट लुटायचे, असे प्रकार घडले. या टोळ्यांसाठी लावलेले कॅमेरे आणि माणसं पाठीवर पिशवी टाकलेल्या पोरालाही पकडतात. आणि तो पोरगा पाय गमावून बसला तर वकील कंपनीच्या दारात उभा, ही भीती वेगळीच.

११. मेक्सिकोतली 'ला बेस्तिया' हीच भानगड का?

कृती तीच, कारण अगदी वेगळं. ला बेस्तिया ही एक गाडी नव्हे. दक्षिण मेक्सिकोतून उत्तरेला जाणाऱ्या मालगाड्यांच्या साखळीला लोकांनी दिलेलं ते नाव आहे. होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर आणि अलीकडे व्हेनेझुएलामधून निघालेली माणसं, पोराबाळांसकट, टपावर बसून जातात. २००५ च्या स्टॅन वादळाने ग्वाटेमालाच्या सीमेजवळचा लोहमार्ग वाहून नेला, तेव्हापासून बरीच वर्षं लोक आरियागापर्यंत चालत जाऊन मग गाडी धरायचे. वाटेत टोळ्या 'भाडं' वसूल करतात. न देणाऱ्याला ढकलून दिल्याच्या कहाण्या सगळीकडे ऐकू येतात.

२०१४ मध्ये मेक्सिको सरकारने गाड्यांवरून लोकांना उतरवायची मोहीम काढली. १९ सप्टेंबर २०२३ ला फेरोमेक्स कंपनीने अपघात वाढल्यामुळे साठ मालगाड्या थांबवल्या. त्याच डिसेंबरात अमेरिकेने ईगल पास आणि एल पासो इथले रेल्वे पूल काही दिवस बंद ठेवले, तेव्हा सोयाबीन-मका अडकला म्हणून आयोवा-नेब्रास्काचे शेतकरी ओरडले. सीमेवर येणाऱ्या गाड्या गॅमा किरणांच्या यंत्रातून जातात, त्यात वाघिणीतला माणूस आकृतीसारखा दिसतो.

वेराक्रूझ राज्यातल्या ला पात्रोना गावच्या बायकांविषयी मात्र सांगायलाच हवं. १९९५ पासून त्या भात-राजम्याची पाकिटं भरतात, पाण्याच्या बाटल्या दोरीने जोडीजोडीने बांधतात आणि रुळाकाठी उभ्या राहून धावत्या गाडीवरच्या पसरलेल्या हातांत देतात. जोडी अशासाठी की दोरी बोटांत चटकन अडकते. २०१३ मध्ये त्यांना मेक्सिकोचा राष्ट्रीय मानवाधिकार पुरस्कार मिळाला.

१२. कॅनडात नियम सैल आहेत का?

नाहीत. तिथेही कंपन्यांचे स्वतःचे पोलीस आहेत आणि रेल्वे हद्दीत विनाकारण शिरणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. थंडी अमेरिकेपेक्षा जास्त, वस्ती विरळ. १९३५ मध्ये बेकारांसाठीच्या छावण्यांतले कामगार व्हँकुव्हरहून ओटावाला पंतप्रधानांना भेटायला मालगाड्यांच्या टपांवरून निघाले होते. रेजायनात सरकारने त्यांना अडवलं आणि १ जुलैला दंगल झाली.

१३. मी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर शिकतोय. मित्र म्हणतो, उभ्या डब्यावर चढून एक फोटो तर काढायचाय.

नको. अतिक्रमणाची अटक इथल्या नागरिकासाठी डोकेदुखी असते, तुमच्यासाठी ती कायमची नोंद होते. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात 'कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का' हा प्रश्न थेट येतो. प्रकरण मिटलं असलं तरी अटक झाली असेल तर उत्तर 'हो' हेच. पुढे एच-१बी, ग्रीन कार्ड, प्रत्येक वेळी तेच कागद काढायचे. एच-१बी, जे-१, एल-१ व्हिसावाल्यांनाही हेच उत्तर. आधीच असं काही झालं असेल तर कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटात सल्ला मागू नका. इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा.

१४. चढायचं नाही, नुसतं रुळावर उभं राहून फोटो?

तेही अतिक्रमणच. रूळ, खडी, पूल, बोगदा, यार्ड सगळं खासगी. ताशी ५५ मैलांनी धावणाऱ्या मालगाडीला थांबायला मैलभर किंवा जास्त लागतं. प्री-वेडिंगवाल्यांनो, हे तुम्हालाही. सार्वजनिक रस्त्यावरून, फाटकाबाहेरून फोटो काढायला हरकत नाही (जागांसाठी प्रश्न २० पाहा).

१५. फाटकावर गाडी तासभर उभी आहे, ऑफिस पलीकडे. दोन डब्यांमधून पटकन गेलं तर?

हा गुन्हा मुद्दाम कुणी करत नाही, पण करतात पुष्कळ. इंडियानातल्या हॅमंड गावात शाळेला जाणारी मुलं उभ्या गाडीच्या खालून आणि कपलिंगवरून पलीकडे जातानाची दृश्यं २०२३ मध्ये देशभर गाजली. गाड्या लांबल्या आहेत. दीड-दोन मैल आता नवल राहिलं नाही. त्यामुळे एक उभी गाडी गावातली सगळी फाटकं एकदम बंद करते. फाटक किती वेळ अडवावं याला केंद्रीय मर्यादा नाही, आणि ओहायो राज्याने केलेला तसा कायदा राज्याच्या न्यायालयात टिकला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायलाही नकार दिला. राग योग्य आहे. तरीही मधून जाऊ नका, प्रश्न ८ मधला हिसका इशारा देऊन येत नाही. मोटार वळवा किंवा फाटकाजवळच्या निळ्या पाटीवरच्या क्रमांकावर फोन करा (प्रश्न १८).

१६. आपल्याकडे मालगाडीवर असं बसता येईल का?

भारतात धोका वरून आहे. अमेरिकेतल्या मालगाड्या जवळपास सगळ्या डिझेलवर, डोक्यावर तार नाही. आपल्याकडे रूळ जवळपास सगळे विजेवर आले आहेत आणि तारेत २५,००० व्होल्ट. तारेला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी घेते. उभ्या टँकर वाघिणीवर सेल्फीसाठी चढलेली पोरं भाजून मेल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. मुंबईकरांना हे कळायला हवं: लोकल पूर्वी १,५०० व्होल्टवर चालायची, २०१६ पर्यंत सगळे मार्ग २५,००० वर गेले. टपावर बसून गेलेल्या जुन्या लोकांचे किस्से त्या जुन्या तारेखालचे आहेत.

कायदा सांगायचा तर रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १४७ हद्दीत घुसण्यासाठी, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कलम १५६ टपावर, पायरीवर, इंजिनावर बसून जाण्यासाठी.

१७. कायदेशीरपणे मालगाडीतून जायचा काही मार्ग?

आहे, आणि तो आपल्या कोकणात आहे! कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून चालते: कोलाडला भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. ट्रकवाले आपापल्या केबिनमध्येच बसून घाट, बोगदे पार करतात. २०२५ मध्ये मोटारींसाठीही सेवा सुरू झाली, त्यात प्रवाशांना वेगळ्या डब्यात बसावं लागतं.

परदेशात मॉरिटानियाची लोहखनिजाची गाडी प्रसिद्ध आहे. झुएरातहून नुआदिबूपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर, लांबी अडीच किलोमीटरपर्यंत. वाळवंटातले स्थानिक लोक अनेक वर्षं उघड्या वाघिणींत बसून फुकट जात आले आहेत. आपले काही यूट्यूबरही तिथे जाऊन आले. अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी अशी सोय नाही.

१८. रुळावर माझी मोटार बंद पडली, किंवा कुणी मालगाडीवर अडकलेलं दिसलं तर?

प्रत्येक फाटकाजवळ एक छोटी निळी पाटी असते. तिच्यावर कंपनीचा आणीबाणी क्रमांक आणि त्या फाटकाचा क्रमांक लिहिलेला असतो. आधी त्यावर फोन करा, कारण गाड्या थांबवणारे तेच. मग ९११. मोटारीत अडकला असाल तर आधी उतरून रुळांपासून लांब जा, आणि येणाऱ्या गाडीच्याच दिशेने तिरके जा, म्हणजे टक्कर झाली तर उडालेले तुकडे अंगावर येत नाहीत.

१९. कोणत्या यार्डात पहारा कमी असतो?

दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. सांगणार नाही.

२०. बरं, मग मालगाड्या मनसोक्त पाहायच्या कुठे?

नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटला. बेली यार्ड हे जगातलं सर्वांत मोठं वर्गीकरण यार्ड (डबे वेगळे करून नव्या गाड्या जोडायची जागा), २,८५० एकर, लांबी आठ मैल. शेजारी गोल्डन स्पाइक नावाचा आठ मजली मनोरा आहे, वर उभं राहून दिवसभर बघत बसा. शिकागोवाल्यांसाठी इलिनॉयमधलं रोशेल: दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथेच गावाने छत बांधलंय. पेनसिल्व्हेनियात अल्टूनाजवळ हॉर्सशू कर्व्ह १८५४ पासून आहे. कॅलिफोर्नियात तेहाचापी लूपवर गाडी वळसा घेऊन स्वतःच्याच शेपटीवरून जाते, पण त्यासाठी ती जवळजवळ चार हजार फूट लांब हवी, म्हणून छोटी गाडी आली तर नाराज होऊ नका. दुर्बीण न्या. रेडिओ स्कॅनर न्यायचा असेल तर त्या राज्याचा नियम आधी बघून घ्या.